दहावीतला कार्बन आणि आपले घर
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



मला विषय दिला आहे 'विज्ञानाची भीती'. तो फार मोठा आहे, म्हणून मी एकच धडा घेतो, दहावीचा 'कार्बनी संयुगे'. हा धडा आला की आपली मुले पाठांतराला लागतात. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन. परीक्षा संपली की नावे विसरतात आणि अकरावीला विज्ञान नको म्हणतात. माझे म्हणणे असे की, सोलापुरातल्या मुलाला हा धडा पाठ करण्याची गरज नाही. तो त्याच्या घरातच आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनच तर असतात.

आधी 'सेंद्रिय' हा शब्द पाहू. असे पदार्थ सजीवांच्या शरीरातच तयार होतात, त्याला जीवनशक्ती लागते, असा पूर्वी समज होता. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. मूत्रातला युरिया, पण मूत्रपिंडावाचून! आपण शेतात टाकतो तोच. गंमत अशी की दोन्ही पदार्थांत अणू तेच : एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. मांडणी तेवढी वेगळी. पदार्थाचे गुण तो कोणाच्या पोटी आला यावरून ठरत नाहीत, रचनेवरून ठरतात. गुरुजनांनी धडा इथून सुरू करावा.

प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही. मातीचे गोळे, भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या घ्या. काळ्या मातीचा गोळा म्हणजे कार्बन, त्याला चार काड्या. लाल मातीचा ऑक्सिजन, त्याला दोन. हरभरा हायड्रोजन, त्याला एकच. एका कार्बनला चार हरभरे जोडले की मिथेन झाला. आता एक हरभरा काढून तिथे लाल गोळा लावा आणि त्याच्या मोकळ्या काडीला तो हरभरा टोचा. हा मिथेनॉल. आणखी एक काळा गोळा आणि दोन हरभरे मध्ये घाला, इथेनॉल झाला.

इथे मात्र थांबावे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. मळी आंबवून डिस्टिलरीत जो अल्कोहोल निघतो तो इथेनॉल. मिथेनॉल दिसायला तसाच, पाण्यासारखा. पण तो पोटात गेला की यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. फॉर्मिक आम्ल डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. माणूस आंधळा होतो, मरतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. बहुतेक हातावर पोट असलेली. (इथेनॉल निरुपद्रवी आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. संसार त्यानेही बुडाले आहेत.) एका कार्बनाचा फरक काय करतो, हे ज्या मुलाने हाताने गोळे जोडून पाहिले त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

विडी वळणाऱ्या माता इथे बसल्या आहेत. तंबाखूतले निकोटीन हेही कार्बनी संयुगच. दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, दोन नायट्रोजन. ते कातडीतूनही अंगात जाते. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये.

आता रंगाईकडे येतो, कारण चादरीचे गाव म्हणून आपली ओळख. नॅप्थॉलची रंगाई ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे : पहिल्या टाकीतून सूत फिकेच निघते, दुसऱ्या टाकीत बुडवताच लालभडक होते. रंग तिथे धाग्यावरच तयार होतो. दोन नायट्रोजनांचा पूल दोन रेणूंना जोडतो. त्याला ॲझो रंग म्हणतात. टाकीत बर्फ टाकतात, कारण दुसऱ्या टाकीतला डायझो क्षार उष्णतेने मोडतो. रंगारी बापाला बर्फ टाकायचा हे माहीत असते, कारण पुढे बारावीत मुलाला कळते. दोघांनी एकदा बसून बोलावे.

काही ॲझो रंगांचा हा पूल तुटला की बेन्झिडिनसारखी कर्करोगकारक द्रव्ये सुटतात. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर बंदी आणली, भारताने १९९७ मध्ये. निर्यातदारांना ते लगेच समजले. टाकीवर उघड्या हाताने उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार? डब्यावरचे नाव इंग्रजीत असते. ते दहावीच्या मुलाने वाचावे, वहीत उतरवावे आणि शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारावे. रबरी हातमोजे मात्र त्याची वाट न पाहता उद्याच आणावेत.