दुष्काळ जाहीर झाला म्हणजे काय?

श्रोतेहो, दुष्काळ जाहीर झाल्याची बातमी आली की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे आता कर्ज माफ ना?" नाही. माफ काही होत नाही. पीककर्जाचे पुनर्गठन होते, म्हणजे हप्ते पुढे ढकलून नव्याने बांधून दिले जातात, आणि शेतीकर्जाची वसुली काही काळ थांबते. थांबणे वेगळे, सुटणे वेगळे.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २४ तालुक्यांत गंभीर, १६ तालुक्यांत मध्यम. त्या वेळी दिलेल्या सवलतींचेच उदाहरण घेऊ. जमीन महसुलात सूट मिळाली. पण शेतसारा आज असतो तरी किती! खरा उपयोग दुसरीकडे आहे. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट होती, आणि पंपाची जोडणी तोडायची नाही असा आदेश होता. 'चालू' हा शब्द नीट ऐका. मागची थकबाकी त्यात येत नाही. गरज असेल तिथे टँकर, आणि रोजगार हमीच्या निकषांत ढिलाई, हेही त्यात होते.

आता आणेवारी. सोळा आणे म्हणजे पुरे पीक, हा जुना हिशेब. आणे गेले, पैसे आले, तरी आपण आणेवारीच म्हणतो. ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत, असा समज पक्का बसला आहे. पण २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेपासून आधी पावसाची तूट, पेरा, जमिनीतील ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ हे पाहतात. मग शेतात जाऊन पीक तपासतात.

तालुका धरला की ओढ्यापलीकडचे गाव सुटते. म्हणून २०२३ साली पुढे महसूल मंडळे धरून 'दुष्काळसदृश' परिस्थिती जाहीर झाली आणि तिथेही सवलती लागू झाल्या. तेव्हा आपले गाव कोणत्या मंडळात येते, हे तलाठ्यांना विचारून ठेवा. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.)

गुरुजनहो, एक गोष्ट तुमच्याकडची. परीक्षा शुल्काची माफी. घोषणा होते तोवर दहावी-बारावीचे अर्ज बहुधा भरून झालेले असतात, शुल्क गेलेले असते. ते परत मिळायचे तर मुलाचे बँकखाते आणि शाळेने भरून पाठवलेली माहिती लागते. परीक्षेनंतर पाहू म्हटले, तर मुले शाळा सोडून पांगलेली असतात.