महालक्ष्म्या, मोटोजीपी आणि अण्णांचे कान

आजच्या भागात कोडिंग नाही, जॉब स्विच नाही. आज रेसिंग. म्हणजे सोफ्यावर पडून फोनवर बघायचं ते नाही, घरातल्या चार पिढ्या घेऊन स्टँडमध्ये जाऊन बसायचं ते.

आधी थोडं आपल्या गावाबद्दल. संभाजीनगर हे गाड्या बनवणारं शहर आहे. वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ चा, १६ महिन्यांत उभा राहिलेला. उद्घाटनाला राष्ट्रपती झैलसिंग आले होते. शेंद्र्याला स्कोडा. तुमच्या गल्लीत दहा घरं धरा, दोन-तीन घरांत तरी कुणीतरी कंपनीत नाहीतर व्हेंडरकडे असणारच. पण तीच गाडी जीव तोडून पळताना बघायची म्हटलं, तर चेन्नई गाठा, कोइम्बतूर गाठा, नाहीतर थेट दिल्लीच्या पलीकडे ग्रेटर नोएडा. तिथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे.

या सर्किटचं आणि आमच्या घराचं जुनं नातं आहे, न गेल्याचं. ३० ऑक्टोबर २०११ ला तिथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन झाली. बाबांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यांना फार जायचं होतं. पण दिवाळीचा आठवडा, उधारीची वसुली, माझी शाळा. "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही तेच. २०१३ ला तिसरी झाली, तिन्ही वेळा व्हेटेलच जिंकला, आणि मग फॉर्म्युला वन आलीच नाही. कराचं भांडण होतं. उत्तर प्रदेश सरकारच्या लेखी तो खेळ नव्हता, करमणूक होती, आणि करमणुकीवर कर लागतो. कोट्यवधी खर्चून बांधलेला ट्रॅक, आणि भांडण कशावरून तर याला खेळ म्हणायचं की सिनेमा! असो.

मग २०२३ ला मोटोजीपी येणार असं जाहीर झालं. दुचाकींची सगळ्यात वरची शर्यत, तीही भारतात पहिल्यांदाच. मी बाबांना म्हटलं, यावेळी "पुढच्या वर्षी" नाही. तर ते म्हणाले, मग अण्णांनाही घेऊ.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. तेव्हा वय पंचाहत्तर. पैठणजवळच्या खेड्यातून आले आणि वाळूज सुरू झालं तेव्हा कामाला लागले. इंजिन असेंब्लीवर जवळजवळ वीस वर्षं. अजूनही गल्लीत कुणाची गाडी कुरकुरली की हे पेपर बाजूला ठेवतात, डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, "चेन ढिली हाय," नाहीतर "टॅपेट वाजायलेत." बघायला जातच नाहीत. ऐकून सांगतात.

आता अडचण बघा. शर्यतीच्या तारखा २२ ते २४ सप्टेंबर. आणि आमच्याकडे २१ ला महालक्ष्म्या बसणार, २२ ला जेवण, २३ ला विसर्जन. मराठवाड्यातल्या ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, तुम्ही ज्यांना गौरी म्हणता त्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, पन्नास-साठ पानं. त्या तीन दिवसांत घर सोडायचा विषय काढायचा म्हणजे हिंमत लागते. मी काढला. आजी म्हणाली, "लक्ष्म्या उठल्यावर कुठं जायचं तिथं जा. त्याच्या आधी उंबरा ओलांडायचा नाही."

म्हणजे शुक्रवारचा सराव गेला, शनिवारची छोटी शर्यतही गेली. ठरलं असं, की शनिवारी विसर्जन करून संध्याकाळचं विमान, रविवारी मुख्य शर्यत. जाणार कोण? अण्णा, बाबा, मी आणि दादाचा नऊ वर्षांचा छोट्या. सगळी पुरुष मंडळी, तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या लक्षात आलं नव्हतं, ते आईने आणून दिलं. ती म्हणाली, "तीन दिवस चुलीपाशी मी, आणि हिंडायला तुम्ही? माझं पण तिकीट काढ." आजी आणि काकू गणपतीपाशी थांबल्या. आम्ही पाच जण निघालो.

ज्येष्ठांना रेसला न्यायचं असेल, तर एक लक्षात ठेवा: खरी परीक्षा चालण्याची असते. अशा ठिकाणी गेटपासून सीटपर्यंतच एवढं अंतर असतं की आपला सकाळचा वॉक तिथेच होतो. आम्ही लवकर पोचलो, दर दहा मिनिटांनी बसलो. टोपी, ओला पंचा, ओआरएस. आणि ऊन असं, की आयोजकांनी मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली. पंचविशीतले रायडर हे, वर्षभर व्यायाम करणारे, त्यांच्यासाठी फेऱ्या कमी कराव्या लागल्या. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू अण्णांना घेऊन आलास."

अण्णांना काळजी नव्हती. त्यांच्यासाठी शर्यत म्हणजे शंकरपट. बैलजोड्यांच्या शर्यतींना सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी मे महिन्यात हिरवा कंदील दिला होता, ती बातमी त्यांनी कापून ठेवली होती. "पटात जोडी एकदा सुटली की संपलं," ते म्हणाले. "हे एकवीस येळा तिथंच येणार? मग बघायचं काय?"

साडेतीनला शर्यत सुटली. अण्णांना इअरप्लग दिले होते, ते त्यांनी मुठीतच ठेवले.

पहिली फेरी गेली, दुसरी गेली. अण्णा काही बोलेनात. डोळे मिटलेले. मला वाटलं, झालं, उन्हाने चक्कर आली. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर हात झटकला. चार-पाच फेऱ्यांनी माझ्या कानाशी येऊन ओरडले, "गिअर टाकताना आवाज तुटंना!"

मंडळी, हे त्यांनी फक्त ऐकून ओळखलं. आपल्या गाडीचा गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते, आवाजात खाच पडते. मोटोजीपीच्या गाडीत सीमलेस गिअरबॉक्स असतो. पुढचा गिअर आधीच लागतो आणि मगच मागचा सुटतो, त्यामुळे ताकद जवळजवळ तुटतच नाही. मी हे यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघून समजून घेतलं होतं. त्यांना चार फेऱ्या लागल्या.

मग त्यांचं निदान सुरू झालं. वळणाआधी गाड्या फटफट फुटतात ना, त्यावर म्हणाले, "पेट्रोल जास्त जायलंय, सायलेन्सरात पेटतंय. ट्यूनिंग चुकलंय." बाबा म्हणाले, "अण्णा, सगळ्यांचंच कसं चुकेल?" मी मध्ये पडलो. तिथे ते इंजिनचा कंप्युटर ठरवतो, मागचं चाक घसरू नये म्हणून ब्रेक लावतानाही इंजिन किती ओढेल ते सांभाळतो. २०१६ पासून सगळ्या टीमना एकच ईसीयू आणि एकच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. अण्णांनी विचारलं, "म्हणजे तुझ्यासारखी पोरं करतात हे?" मी म्हटलं, हो, माझ्यासारखीच. मी आयटीत काय करतो हे त्यांना सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं असावं. मी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो हे त्या क्षणी सांगितलं नाही.

आई गणिताची शिक्षिका. ती पडद्यावरचे आकडे धरून बसली होती. पुढे बेझेक्की एकटाच निघून गेला होता, रोसीच्या टीमचा. विश्वविजेता बान्याया दुसरा चालला असताना पडला. छोट्याला केशरी केटीएम हवी होती, कारण बजाजचा त्या कंपनीत २००७ पासून हिस्सा आहे हे अण्णांनी त्याला विमानात शिकवलं होतं. "आपली गाडी!" बाबा म्हणाले, "ही ऑस्ट्रियाची. आणि इथल्या बनतात त्या चाकणला." चाकणचं नाव निघाल्यावर अण्णांनी तोंड फिरवलं. वाळूजवाल्यांना ते लागतं. केटीएमचा ब्रॅड बाइंडर चौथा आला, त्याच वर्षी इटलीत ताशी ३६६.१ किलोमीटरचा विक्रम करणारा.

शेवटच्या फेरीत क्वार्तारारोने मार्तिनला गाठलं, पुढे गेला, आणि मार्तिनने दुसरा नंबर परत हिसकावला. तेव्हा अण्णा उभे होते. शर्यत संपल्यावर मार्तिन उष्णतेने इतका गळाला होता की खुर्चीत कोसळला. अण्णा म्हणाले, "त्याला लिंबूपाणी द्या कुणीतरी."

परत येताना सचखंड एक्स्प्रेस घेतली. लंगरचं जेवण, खिडकी, आणि अण्णांनी अख्ख्या डब्याला सांगितलेला सीमलेस गिअरबॉक्स.

२०२४ ला मोटोजीपी भारतात झाली नाही. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. काही बोललो नाही. २०२५ चा हंगाम थायलंडला बुरिरामला सुरू होणार होता, २ मार्चला. अण्णांचा पासपोर्ट आला, फोटोत रागावल्यासारखे दिसत होते. गुडघा जरा धरला होता. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नव्हतं, हो पण म्हटलेलं नव्हतं. एकदा मी घरी गेलो तर ते चष्मा लावून कालनिर्णय बघत होते. महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला. "घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन निघता येतंय," म्हणाले. आजीने आतून विचारलं, "त्या थायलंडात माझ्या जेवणाचं काय?"

म्हणजे यावेळी तीही येणार होती.