कर्ज खपतं, खोटं खपत नाही

(बुलढाणा येथील व्याख्यानमालेत एका वकिलांनी दिलेले व्याख्यान)



आपल्या जिल्ह्यातली पोरं सैन्यात, राखीव पोलीस दलात जातात, हे इथे सांगायला नको. २०१९ च्या पुलवामा हल्ल्यानंतर मलकापूर आणि चोरपांग्रा दोन्हीकडे तिरंग्यातली शवपेटी आली. आज बोलायचंय ते भरतीनंतरच्या कागदाबद्दल.

मोताळ्याकडचे एक काका भेटले. म्हणाले, “वकीलसाहेब, सोसायटीचं कर्ज थकेल हाय. पोराचं व्हेरिफिकेशन अटकते का?” मी म्हटलं, नाही. केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, शिक्षा यांचे रकाने आहेत. बापाच्या पीककर्जाचा नाही. (हशा) मात्र त्याच नमुन्याच्या माथ्यावर ताकीद छापलेली असते: खोटी माहिती दिली किंवा दडवली तर अपात्र. माझं सगळं म्हणणं त्या ताकिदीतच आहे.

२०११ चा दिल्ली पोलिसांचा खटला घ्या. पोरगा विशीतला. मारामारीची केस झाली होती, तडजोड होऊन तो सुटला होता. हवालदारपदाच्या अर्जात त्याने लिहिलं, ‘नाही’. निवड झाली, साक्षांकन नमुना हातात आला, तेव्हा त्याने स्वतःच केस नोंदवली. खात्याने उमेदवारी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायमूर्ती काटजूंनी निकालात चक्क ह्यूगोच्या कादंबरीतला जाँ वालजाँ आणला! भुकेल्या घरासाठी पाव चोरला आणि जन्मभर चोर ठरला तो. कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटात कादंबरी सापडली की मला फार बरं वाटतं. नाहीतर आम्हा वकिलांना वाचायला काय, सातबारा आणि नोटिसा. (हशा) असो. पोरगा जिंकला. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी नियम घालून दिले: माहिती खरीच द्यायची, पण गोष्ट क्षुल्लक असेल तर दडवल्याबद्दल माफी देता येते, आणि जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून दोष नाही.

मागून कुणीतरी “बँकेचं काय?” म्हणतंय. विचारा, मी पळत नाही. बँकेच्या नोकरीत कर्ज नडतं, मान्य. स्टेट बँकेच्या जाहिरातीतच अट होती की ज्याची परतफेड थकली, तो अपात्र. अशा एकाची नेमणूक रद्द झाली आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बँकेची बाजू उचलून धरली. नंतर सगळं फेडलंय, हे त्याचं म्हणणं कामी आलं नाही. माझ्या मताला एवढा तडा जातो, जाऊ द्या. पण केंद्रीय वर्तणूक नियम पाहा, १९६४ चे, नियम १७. कर्जबाजारीपणा टाळा म्हणतो, आणि वसुलीचा दावा लागला तर लगेच सगळी हकीकत कळवा असंही म्हणतो. हातात नसलेल्या कारणाने दिवाळं निघालं, हे दाखवायची सोयही त्यात आहे. दुष्काळ बघितलेल्या माणसाने लिहिल्यासारखा नियम आहे!

अमेरिकेचं सांगायचं होतं. गुप्तचर खात्यातला एम्स १९८५ मध्ये कर्जापायी गुपितं विकायला सोव्हिएत दूतावासात गेला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. पण चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं म्हणतात. आधीच्या वक्त्यांना दीड तास दिला होता, मी मोजलाय. (हशा)

तर आयांनो, बापांनो, पोराच्या शैक्षणिक कर्जात मुख्य कर्जदार पोरगाच असतो. हप्ता थकला तर त्याच्याच नावावर चढतो. तुम्ही कुणाला जामीन राहिलात तर तुमच्याही नोंदीवर येतो. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा. कर्ज फेडलं असेल तर बेबाकी दाखला घ्या. आणि गावच्या भांडणातली केस असेल, सुटली असली तरी, नमुन्यात विचारलं असेल तिथे केस नंबरासकट लिहा.