विद्यार्थी आणि मोलमजुरी

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमेवरील तालुक्यांत तुरीची काढणी आणि मळणी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येते. वार्षिक परीक्षा त्यानंतर दोन-तीन महिन्यांवर. ऐन उजळणीच्या दिवसांत गरिबाचा मुलगा शिवारात असतो. पुढे गुण घसरले की दोष मात्र त्याच्या बुद्धीस दिला जातो!

श्रमाने विद्या बुडतेच असे नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते 'कमवा व शिका' या सूत्रावर. तेथे काम देणारी आणि शिकविणारी संस्था एकच होती. त्यामुळे एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची पाळी सहसा येत नसे. शिवारातील मुकादम किंवा दुकानाचा मालक परीक्षेची तारीख कशाला विचारील?

शाळकरी मुलांची गोष्ट निराळी. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची बंदी केली. घरच्या कामात शाळा सुटल्यावर वा सुटीत हातभार लावण्याची मुभा मात्र ठेवली. सुगीत ही मुभा शाळेच्या वेळेत केव्हा शिरते, ते हजेरीपट सांगतो.