निघून जाण्याचा हक्क



स्टीम आणि नंतर हाईव्ह या दोन ब्लॉकचेनवर मी बरीच वर्षे लिहीत आलो. हे कळले की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘पैसे किती मिळाले?’ उत्तर आधीच देऊन टाकतो : बंगला बांधण्याइतके नाहीत. मला स्वतःला मात्र दुसऱ्याच प्रश्नाने धरून ठेवले. जिथे कोणी मालक नाही असे सांगतात, तिथे सत्ता कोणाकडे असते?

आधी व्यवस्था समजून घेऊ. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी मार्च २०१६ मध्ये स्टीम सुरू केली. स्टीमिट हे तिचे दर्शनी संकेतस्थळ, आणि ते चालवणारी कंपनीही त्याच नावाची. लिहिलेला मजकूर मात्र एकट्या कंपनीच्या ताब्यात नसतो. तो वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक संगणकांवर एकाच वेळी नोंदला जातो. दर तीन सेकंदांनी नोंदींचा नवा ठोकळा साखळीला जोडला जातो. लेखाला मते मिळाली की लेखकाला मानधन मिळते. ते जाहिरातदार देत नाही. यंत्रणा नवी टोकन, म्हणजे साखळीचे स्वतःचे आभासी चलन, निर्माण करते आणि वाटते. संपादक नाही, ‘साभार परत’ नाही. साठच्या दशकात प्रस्थापित मासिकांना कंटाळून लघुनियतकालिके काढणाऱ्या आपल्या लेखकांना ही कल्पना नक्की आवडली असती.

४ जुलै २०१६ रोजी पहिले मानधन वाटले गेले आणि जगभरातून लेखकांची रीघ लागली. मग हळूहळू मतांचे गणित उमगले. इथे मताला वजन असते, आणि ते वजन तुम्ही किती टोकन गुंतवून ठेवली आहेत यावर ठरते. महाराष्ट्राला सहकाराचे नियम शिकवायला नकोत. कारखान्यात कोणाचे शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. स्टीमने याच्या नेमके उलट केले. शेकडो सामान्य वाचकांची मते एकीकडे आणि एका बड्या खातेदाराचे बोट एकीकडे, असा तो हिशेब होता. तेच बोट उलट दिशेने दाबले, म्हणजे डाउनव्होट दिला, की लेखाचे मानधन शून्यावर येई.

याचा लेखनावर परिणाम होणारच. मजकूर साखळीत कायमचा राहतो. दुरुस्ती केली तरी जुनी आवृत्ती इतिहासात शिल्लक असते. पण मानधनाची मुदत फक्त सात दिवस. सात दिवसांनंतर कितीही वाचक आले तरी लेखकाच्या पदरात काही पडत नाही. म्हणजे कागद ताम्रपटाचा आणि बाजार भाजीचा. तीन महिने अभ्यास करून लिहिलेला लेख आणि सकाळच्या चहाचा फोटो यांना एकच मुदत असेल, तर माणूस काय लिहील? पुढे मते विकणारे बॉट आले. पैसे भरायचे, मोठे मत घ्यायचे, लेख वर चढवायचा. वाचक मधून निघूनच गेला. मराठी लेखनाची गत आणखी वेगळी. बहुतेक बड्या खातेदारांना मराठी वाचताच येत नव्हते, त्यामुळे दोनचार आपली माणसे मनापासून वाचत, मानधन काही सेंट. तरीही सांगतो, त्या दोनचार जणांच्या प्रतिक्रियांनी मला जितके शिकवले, तितके मोठ्या मतांनी शिकवले नाही.

आता २०२०कडे येऊ, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षात आहे. फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीच्या काळात स्वतःच मिळवलेला टोकनचा प्रचंड साठा होता. तो विकासासाठी वापरू, त्यावर मतदान करणार नाही, असे आश्वासन दिलेले होते. नवा मालक ते पाळेल का, या शंकेने विटनेस मंडळींनी तो साठा गोठवला. विटनेस म्हणजे साखळी चालवणारे, टोकनधारकांनी निवडलेले लोक. त्यांतले वरचे वीस निर्णायक. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या टोकनच्या खरेदीविक्रीच्या एक्स्चेंजनी ग्राहकांनी ठेवलेली टोकन सन यांच्या बाजूने मतदानाला लावली आणि काही तासांत वीसच्या वीस विटनेस बदलले गेले. मतदानात अडकवलेली टोकन तेव्हा तेरा आठवड्यांच्या हप्त्यांनीच सुटत, म्हणजे ग्राहकांचेच पैसे अडकले. ओरड झाल्यावर बायनान्स आणि हुओबी यांनी मते मागे घेतली. पण विकेंद्रित म्हणवणारी व्यवस्था एका दिवसात ताब्यात घेता येते, हे सगळ्यांनी पाहिले होते.

पुढे जे घडले ते नेहमीच्या समाजमाध्यमांवर घडू शकत नाही. जुन्या मंडळींनी साखळीची प्रत काढली आणि २० मार्च २०२० रोजी हाईव्ह नावाने नवी साखळी सुरू केली. खाती, शिल्लक, जुने लेख, प्रतिक्रिया, सगळे सोबत. माझे लेखही न विचारता दोन्हीकडे झाले. कंपनीचा साठा मात्र वगळला. पण हीही संतांची दिंडी नव्हती : सन यांच्या बाजूने मते देणारी काही खातीसुद्धा नव्या साखळीच्या वाटपातून वगळली गेली. तिकडे मे महिन्यात स्टीमवर ६४ खात्यांतली सुमारे २ कोटी ३६ लाख टोकन काढून घेतली गेली. ‘तुमची मालमत्ता कोणी हिरावू शकत नाही’ हे वाक्य पुरेशी मते एकत्र येईपर्यंतच खरे असते.

आपल्याकडचा सरकारी पदरही मोठा आहे. एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ती ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. २०२२पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर तीस टक्के कर आणि व्यवहारावर एक टक्का टीडीएस आला. ‘सरकारविना पैसा’ मिळवणाऱ्या लेखकाला शेवटी विवरणपत्र भरावेच लागते.

मग हाती काय राहिले? मालक नसणे म्हणजे सत्ता नसणे नव्हे, हा पहिला धडा. सत्ता असतेच, ती नियमांत लपते, म्हणून लेखकाने नियम वाचले पाहिजेत. हाईव्हने ते वाचले. नव्याने गुंतवलेल्या टोकनना तिथे विटनेस निवडण्यासाठी तीस दिवस थांबावे लागते, कारण २ मार्चचा अनुभव ताजा होता. दुसरा धडा स्वातंत्र्याच्या किमतीचा. खात्याची गुप्त किल्ली हरवली तर नवी देणारे कार्यालय नाही, आणि साखळीत मजकूरच असतो. चित्रे वेगळ्या सर्व्हरवर, तो बंद पडला की चौकट रिकामी. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा धडा हा, की त्या मार्चमध्ये नाराज लोकांना आपले सगळे लेखन घेऊन बाहेर पडता आले. एरवी आपण ज्या माध्यमांवर लिहितो, तिथून निघताना फार तर स्वतःच्या मजकुराची गठडी मिळते. वाचक, संवाद, ओळखीपाळखी तिथेच राहतात.

तरुण लेखक मला विचारतात, कुठे लिहू? मी जागेचे नाव सांगत नाही. तीन गोष्टी तपासायला सांगतो : इथे नियम कोण बदलू शकतो, ते बदलले तर मला केव्हा कळेल, आणि निघावेसे वाटले तर माझ्याबरोबर काय येईल. उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल लिहा, मानधन कमी असले तरी.