गुळवेल चांगली, पण तपासलेली



बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला की विषय निघतो गुडघ्यांचा. भाताची लावण, उसाची भांगलण, डोक्यावरचा वैरणीचा भारा; चाळिशीतच गुडघे धरतात. मग कुणी सुंठीचा काढा सांगतं, कुणी गुळवेल, कुणी बाजारातली पुडी. यातलं खरं किती, हे ठरवायचं कसं?

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून बघितलं. गुडघ्याची झीज झालेल्या 440 रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट केले. दोन गटांना सुंठ-गुळवेलीची आयुर्वेदिक औषधं दिली. उरलेल्या दोन गटांना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही नेहमीची औषधं. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. असं का? कारण दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं, आणि औषध घेतलंय या विश्वासानंही बरं वाटतं. 24 आठवडे हे चाललं. 2013 साली निकाल छापून आला: आयुर्वेदिक औषधं नेहमीच्या औषधांच्या बरोबरीची ठरली.

म्हणजे आपल्या आज्या उगीच सांगत नव्हत्या. पण पुढचंही ऐका. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही जणांच्या रक्तात यकृताची एसजीपीटी वाढलेली दिसली. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता. रक्त तपासलं म्हणून कळलं. औषध थांबवल्यावर ती पुन्हा जागेवर आली.

कोरोनाच्या वेळी घरोघरी गुळवेल उकळत होती. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. वाद त्यांचा, पण आपल्यासाठी धडा एकच: वेल कोणती, किती आणि किती दिवस, हे जाणकाराला विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

आणि ती बिननावाची पुडी? अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत गुडघा हलका वाटतो. महिनोन्महिने घेतलं तर तोंड सुजतं, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. कुणी बरेच दिवस घेत असेल, तर एकदम बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

तर पुढच्या बैठकीत एवढं करूया. घरात चालू असलेला काढा, पुडी, गोळी प्रत्येकीनं वहीत लिहायची. पाकिटावर नाव, घटक, लायसन्स नंबर आणि मुदत आहे का, ते बघायचं. बीपी-शुगरची गोळी काढ्यासाठी बंद करायची नाही. काविळीसारखे डोळे, गडद लघवी किंवा अन्नावरची वासना जाणं दिसलं, तर काढा थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. आशाताईंना सोबत घ्या.

कर्ज घेताना आपण कागद वाचतो. मग औषध घेतानाही वाचूया.