आकाशमार्गें आलेला खेळ

व्हिडिओ-गेम म्हणजे मुलांचा वेळ खाणारें एक यंत्र, एवढीच ज्यांची कल्पना असेल, त्यांच्याही कानांवर ‘मारिओ’ हें नांव बहुधा गेलेलें असतें. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या खेळांनीं देशोदेशींचे दिवाणखाने जिंकले. परंतु त्याच कंपनीच्या प्रसिद्ध मालिकांतील कांहीं खेळ जपानचा किनारा ओलांडून कधींच बाहेर गेले नाहींत. त्यांपैकीं एकाची हकीकत आज सांगावयाची आहे. ती रेडिओवरून सांगण्यांत औचित्यही आहे. कारण हा खेळ रेडिओच्याच वाटेनें आला आणि त्याच वाटेवर अर्धा हरवला.

असे खेळ घरींच राहिले, तर त्याचें कारण बहुधा भाषा किंवा व्यापाराचा हिशेब. शिगेसातो इतोइ यांनीं लिहिलेला ‘मदर ३’ हा खेळ २० एप्रिल २००६ रोजीं जपानांत निघाला. त्याच्या आधींचा ‘मदर २’ १९९५ सालीं ‘अर्थबाउंड’ ह्या नांवानें अमेरिकेंत गेला होता; तिसऱ्याच्या नशिबीं तो प्रवास आला नाहीं. पण कॅसेटींत तो खेळ शाबूत होता. २००८ सालीं चाहत्यांनींच त्याचें इंग्रजी भाषांतर पुरें केलें. जी वस्तु हातांत धरतां येते, तिच्याकडे उशिरां वळलें तरी ती वाट पाहत थांबलेली असते.

आमच्या खेळाला हें भाग्य नव्हतें. १९९५ च्या एप्रिलांत निन्टेन्डोनें आपल्या ‘सुपर फॅमिकॉम’ यंत्राच्या तळाशीं बसवावयाचें ‘सॅटेलाव्ह्यू’ नांवाचें एक जोडयंत्र जपानांत काढलें. ‘सेंट गिगा’ नांवाचें एक उपग्रह-रेडिओ केंद्र तेथें होतें. भरती-ओहोटीच्या चक्राप्रमाणें कार्यक्रम आंखून समुद्राच्या लाटांचे आवाज ऐकविणारें असें तें विलक्षण केंद्र. ह्या केंद्राच्या ध्वनिक्षेपणाबरोबर खेळही आंकड्यांच्या रूपानें घरोघर उतरत आणि एका लहानशा स्मृति-कॅसेटींत सांठविले जात. ऐन भरांत ह्या सेवेचे ग्राहक एक लाखाहून अधिक होते. पण ते सारे जपानांतले. जोडयंत्र बाहेर विकलें गेलें नाहीं, आणि जपानी केंद्राचें हें ध्वनिक्षेपण परदेशांतल्या घरांसाठीं नव्हतेंच.

६ ऑगस्ट १९९५ रोजीं, रविवारीं, ह्या मार्गानें ‘झेल्डा’ मालिकेंतील एक खेळ सुरू झाला. १९८६ सालच्या मूळ खेळाचा हा नवा अवतार होता. नकाशा बदललेला, चित्रें नवीं, आणि नायक नेहमींचा लिंक नव्हे, तर ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या रूपानें आपण खेळावयाचें तो किंवा ती. चार आठवड्यांत चार भाग. दर आठवड्याला नकाशाचा थोडा प्रदेश मोकळा होई, बाकीचा ढगांनीं झांकलेला असे. खेळ चालूं असतां रेडिओवरून नट बोलत, कथा पुढें नेत, खेळणाऱ्याला वाट दाखवीत. मागें संगीत वाजे. आणि घड्याळाच्या नेमक्या मिनिटाला खेळांतही चमत्कार घडे. सारे खेळाडू एकाच घटकेला तोच आवाज ऐकत. नेमलेली वेळ संपली, कीं खेळही संपला!

३० जून २००० रोजीं ती सेवाच बंद पडली. मागें काय उरलें? लोकांच्या घरीं राहिलेल्या स्मृति-कॅसेटींतून चाहत्यांनीं आंकडे उतरवून घेतले, तेव्हां चित्रें मिळालीं, नियम मिळाले, भुयारें मिळालीं. आवाज मात्र त्यांत नव्हताच. तो सरळ कानांत गेला होता. कीर्तनकाराच्या आख्यानाची वही सांपडावी, आणि कीर्तनकाराचा कंठ कोठेंच नसावा, अशी ही स्थिति. ज्या थोड्या घरांत कोणी त्या घटकेला व्हीसीआरवर फीत चालविली होती, तेथूनच नटांचे शब्द परत मिळाले, आणि त्यांच्या आधारें तो खेळ पुन्हा जोडण्यांत आला.

ह्याच सेवेवर १९९६ सालीं ‘स्क्वेअर’ कंपनीचा ‘रॅडिकल ड्रीमर्स’ हा खेळ आला. तो ‘क्रोनो’ मालिकेंतला, आणि बहुतेक वाचावयाच्या मजकुराचाच होता. त्यामुळें २६ वर्षांनीं, ७ एप्रिल २०२२ रोजीं, कंपनीला तो इंग्रजींतही काढतां आला. मजकूर टिकतो, छापतां येतो, भाषांतरितां येतो. बोललेलें मात्र कोणी टिपून ठेवलें तरच उरतें.

खेळाचा हक्क कंपनीचा, हें निर्विवाद. परंतु हक्क राखणें आणि वस्तु राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत. येथें दुसरें काम एखाद्या दिवाणखान्यांतल्या फितीनें केलें, आणि तें करणाऱ्याला आपण कांहीं मोठें करीत आहों, असें त्या वेळीं वाटलेंही नसेल. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या कपाटांत जुन्या फिती पडून आहेत, त्यांनीं त्या टाकण्यापूर्वीं एकदां लावून पाहाव्या. आंत काय आहे, हें बाहेरच्या चिठ्ठीवर लिहिलेलें असतेंच असें नाहीं.